घाटासाठी बसवलेला टर्बो

गाडीबरोबर मिळालेलं वॉरंटीचं पुस्तक आमच्या घरात फक्त माझ्या बायकोने वाचलं. मी ते प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेरही काढलं नव्हतं. ती शाळेत मराठी शिकवायची आणि छापलेला कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच खाली ठेवायची. मग ती औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी का असेना. गाडी आणली त्या रविवारी गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून तिने ते पुस्तक वाचलं, मधेमधे श्वासासाठी थांबत. मग पेन्सिलीने एका परिच्छेदाला खूण केली आणि मला वाचून दाखवलं. इंजिनात मालकाने स्वतःहून काही फेरबदल केले तर कंपनी जबाबदार राहणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

"हे खास तुमच्यासाठी लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्हाला कुठलीच वस्तू आहे तशी राहू देता येत नाही."

चेष्टेत म्हणाली, पण खोटं नव्हतं. सातपूरच्या एका कारखान्यात हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये माझी सव्वीस वर्षं गेली होती. घरातला मिक्सर, शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप, तिच्या शाळेची घंटा वाजवणारं घड्याळ, सगळं मी कधी ना कधी उघडून पाहिलेलं होतं, आणि बहुतेक वेळा ते आधीपेक्षा बरं चाललेलंही होतं.

नवं शतक सुरू होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. त्यातल्या 'स्वेच्छे'त आमची इच्छा किती होती, ते आम्हालाच ठाऊक. त्याच वर्षी तिच्या आजाराचं निदान झालं. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात आणि पुन्हा मऊ होत नाहीत, एवढंच मला समजलं. नाशिकच्या डॉक्टरांनी मुंबईच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि त्यांनी दर महिन्याला यायला सांगितलं. सुरुवातीला आम्ही रेल्वेने गेलो. नाशिक रोड स्टेशनचा जिना चढताना ती तीनदा थांबायची. एका खेपेला मधल्या टप्प्यावर खालीच बसली, आणि गाडी पकडायला धावणारी माणसं तिला वळसा घालून जात राहिली. मी तिची पर्स हातात धरून नुसता उभा होतो. आम्हाला मूल नव्हतं. जे काही करायचं ते मीच करायचं होतं. त्या आठवड्यात मी नवी गाडी बुक केली.

डिझेलवर चालणारी साधी गाडी होती. शहरात छान चालायची. पण मुंबईहून परत येताना कसारा घाट लागला की तिचा जीव निघायचा. एसी चालू असेल तर दुसऱ्या गिअरमध्येही ती रडतखडत चढायची. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वैतागायचे. मग एसी बंद करावा लागे आणि आत गुदमरायला होई म्हणून काचा खाली कराव्या लागत. काच खाली झाली की पुढच्या ट्रकचा काळा धूर सरळ आत. ती पदर नाकाला लावून डोळे मिटून बसायची. घाट संपून इगतपुरी येईपर्यंत मी तिच्याकडे बघायचं टाळायचो. एकदा बघितलं तर तिचे ओठ जांभळट झाले होते.

"थांबायचं का?" मी विचारलं.

तिने मान हलवली. थांबून तरी काय, धूर तिथेही होताच.

गाडी आम्ही जिथून घेतली त्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये एक सुपरवायझर होता. तिशीतला, अंगाने किडकिडीत, बोलणं हळू. मूळचा येवल्याचा, घरी पैठणीचे माग. शाळेसाठी नाशिकला मामाकडे राहिला आणि तेव्हा तीन वर्षं माझ्या बायकोच्या वर्गात होता. पहिल्या सर्व्हिसिंगला मी तिला घेऊन गेलो तेव्हा त्याने तिला ओळखलं, हातातला कळकट फडका टाकून तो वाकून पाया पडला आणि तिच्यासाठी आतून खुर्ची आणली. तिला बाई म्हणायचा, मला काका. "बाईंनी मला निबंध लिहायला शिकवलं," तो म्हणाला. "आता जॉबकार्ड लिहितो." ती हसली. त्या दिवसांत ती क्वचितच हसायची, हसलं की खोकला यायचा.

मी त्याला बाजूला घेऊन घाटाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, यात बिघाड काही नाही. या इंजिनाची ताकदच तेवढी."

"टर्बो बसवला तर?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "गाडी तुमची आहे. पण वॉरंटी आमच्या सहीवर चालते. असलं काही केलंत तर मला सांगू नका. सांगितलंत तर मला ते कागदावर लिहावं लागेल."

इतकं स्पष्ट त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

टूलरूममध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर वीस वर्षं काम केलेला माझा जोडीदार माझ्याबरोबरच बाहेर पडला होता. तो सिन्नरकडचा. अंबडला पत्र्याची एक शेड घेऊन त्याने गॅरेजवजा काम सुरू केलं होतं. जुन्या जीपना आणि पिकअपना टर्बो बसवून देण्यात त्याचं थोडंफार नाव झालं होतं. मी त्याच्याकडे गेलो.

"ये तिच्या," तो बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "जागा हाय की लय. बसवू. काय होत नाय."

टर्बो म्हणजे काय, ते मी घरी येऊन बायकोला समजावलं. इंजिनातून जो धूर जोरात बाहेर पडतो त्याच्यावर एक छोटा पंखा फिरवायचा. त्याच्याच दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त.

"म्हणजे गाडीला ऑक्सिजन लावायचा," ती म्हणाली.

"तसंच काहीसं."

"आणि पुस्तकात खूण केली होती ती?"

"वॉरंटीच्या दोन वर्षांत या इंजिनाला काही होत नाही गं. आणि घाटात तुला जे होतं ते मला बघवत नाही."

तिने श्वास सावरला. मग म्हणाली, "माझं नाव सांगून करू नका. तुम्हाला करायचं असेल तर स्वतःसाठी करा." मला तेव्हा राग आला होता. तिच्यासाठी नाही तर कोणासाठी करत होतो मी? आज इतक्या वर्षांनी वाटतं, तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. कारखाना सुटल्यापासून माझे हात रिकामे होते. तिच्या आजारात मला करण्यासारखं काही नव्हतं; गोळ्या देणं आणि वाट बघणं. इंजिन मात्र मला समजत होतं.

आठ दिवस मी रोज अंबडला गेलो. धुराचा नवा पाइप आम्ही दोघांनी मिळून बनवला, त्याची तोंडं मी स्वतः घासून सपाट केली. टर्बोला तेल लागतं, आणि ते तेल परत इंजिनात यावं लागतं. त्यासाठी खालच्या ऑइल चेंबरला भोक पाडून पितळ वितळवून एक नळी जोडली. नव्या गाडीच्या चेंबरवर ड्रिल टेकवलं तेव्हा माझा हात एक क्षण थबकला. जोडीदार म्हणाला, "पाड की. उद्या काढायचा झाला तर बोल्ट मारून बंद करू." मी पाडलं.

पहिल्यांदा घाट चढलो तो दिवस मला लख्ख आठवतो. काचा बंद, एसी चालू, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एखाद्या पेट्रोल गाडीसारखी वर निघाली. एकेक ट्रक मागे पडत गेला. बॉनेटखालून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. बायको खिडकीतून दरीकडे बघत होती. घाट संपला तेव्हा म्हणाली, "आलो पण?" तिच्या ओठांचा रंग साधा होता. इगतपुरीला आम्ही चहा प्यायलो. मला वाटलं, मी जिंकलो.

पुढे पाच-सहा महिने असेच गेले. फक्त सर्व्हिसिंगची तारीख आली की मी आदल्या दिवशी गाडी अंबडला न्यायचो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खपून आम्ही टर्बो उतरवायचो, मूळचे भाग परत बसवायचो, चेंबरच्या नळीत बोल्ट आवळायचो, त्यावर ग्रीस आणि धूळ चोपडायचो. दुसऱ्या दिवशी गाडी शोरूमला. तिसऱ्या दिवशी पुन्हा टर्बो. हे करताना मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर मजा वाटायची. टूलरूमचे दिवस परत आल्यासारखे वाटायचे.

सुपरवायझरने अशाच एका सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर घेतली होती. तो खाली उभा राहून वर बघत राहिला. थोडा जास्तच वेळ. मग बाहेर येऊन विचारलं, "बाईंची तब्येत कशी आहे, काका?" मी म्हणालो, बरी आहे. त्याने जॉबकार्ड माझ्या हातात दिलं.

एप्रिल महिन्यात आम्ही मुंबईहून परत येत होतो. त्या खेपेला डॉक्टरांनी तिला तपासून मला बाहेर बोलावलं होतं आणि सांगितलं होतं की औषधांचा उपयोग थांबलाय. मी तिला ते सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. मागच्या सीटवर छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर होता, नळी तिच्या नाकाला. दुपारची वेळ. कसारा मागे पडलं आणि मी गाडी जोरात हाणली. मला लवकर घरी पोहोचायचं होतं, की कशावर तरी राग काढायचा होता, ते मला आजही ठरवता येत नाही. मागच्या महिन्यातच जोडीदाराला सांगून मी जास्त डिझेल जावं म्हणून पंपाचा स्क्रू आणखी थोडा फिरवून घेतला होता. त्याने नको म्हटलं होतं. मीच ऐकलं नव्हतं.

घाटाच्या मध्यावर काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. गाडी हादरली, मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागून इंजिन बंद पडलं. मी गाडी कशीबशी कठड्याला लावली. एसी बंद. पाच मिनिटांत आत भट्टी झाली. दार उघडलं तर ट्रकचा धूर आणि आमच्याच गाडीचा धूर. तिचे खांदे वरखाली होत होते, जोरजोरात.

वळणावर करवंदं विकायला बसलेली एक म्हातारी पाटी तिथेच टाकून आली. तिने मला बाजूला सारलं, बायकोला हाताला धरून झाडाच्या सावलीत नेलं, स्वतःच्या पदराने वारा घालत बसली. "बाय, घाई नको करू. हळू घे दम, हळू," असं काहीसं तिच्या बोलीत पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी रस्त्यावर उभा राहून हात दाखवत होतो. सिलिंडरचा काटा खाली येत होता. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. शेवटी भाजी उतरवून नाशिकला रिकामा परतणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने तिला केबिनमध्ये उचलून बसवलं. इगतपुरीच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सिलिंडर संपून बराच वेळ झाला होता.

ती वाचली. पण त्या दिवसानंतर तिचा ऑक्सिजन कधी सुटला नाही. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकलाच होता, त्या दिवसामुळे झालं असं म्हणता येणार नाही. त्या दिवसामुळे झालं नाही, असंही ते म्हणाले नाहीत.

गाडी मी ओढून आणली, पण शोरूमला नाही. आधी अंबडला. जोडीदाराने इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाना हातात घेतला. आम्ही टर्बो उतरवला. मूळचे भाग लावले. चेंबरच्या नळीत बोल्ट आवळला. या खेपेला मजा वाटली नाही. "हे बरोबर नाय वाटत मला," मी निघताना तो म्हणाला. मी म्हणालो, "तिला पुढच्या महिन्यात न्यायचंय." तेवढ्या एका वाक्यावर मी स्वतःला सगळं माफ करून टाकलं होतं.

घरी बायकोने विचारलं, "गाडी कंपनीकडे दिलीत?"

"दिली. वॉरंटीत होईल म्हणतात."

"टर्बोचं सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं," मी म्हणालो. नाकाला नळी लावून पडलेल्या माणसाकडे बघून मी ते म्हणालो.

शोरूममध्ये एक फॉर्म भरायचा होता. गाडीत कोणताही बदल केलेला नाही, असं लिहिलेल्या ओळीखाली मी सही केली. माझ्या सहीखाली सुपरवायझरची सही लागायची, की त्याने गाडी तपासली आणि तसं काही आढळलं नाही. तो गाडीखाली गेला. मी बाहेर उभा होतो, मला त्याचे फक्त बूट दिसत होते. ते बूट बराच वेळ हलले नाहीत. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांना ग्रीस लागलं होतं, धुळीत कालवलेलं. ते त्याने फडक्याला पुसलं. त्याने विचारलं, "बाई कशा आहेत?"

या वेळी मी खरं सांगितलं. त्याने मान खाली घातली आणि सही केली.

पुढे गाडी त्यांनी खोलली. एका पिस्टनला तडा गेला होता, इंजिनाचं वरचं झाकण, हेड, वाकलं होतं. इतकं मोठं काम कंपनी तपासल्याशिवाय मंजूर करत नसे. त्यामुळे त्यांचा एक तपासनीस आला. मलाही बोलावलं होतं. तो शांत माणूस होता. त्याने पिस्टन हातात फिरवून पाहिला, मग खाली काढून ठेवलेलं चेंबर उलटं केलं आणि अंगठ्याने त्या पितळेच्या जोडावरचं ग्रीस पुसलं. पितळ चकाकलं. खोलीत शोरूमचे मालक होते, मॅनेजर होते, मी होतो आणि सुपरवायझर भिंतीशी उभा होता.

"हे कंपनीचं काम नाही," तपासनीस म्हणाला. मग सुपरवायझरकडे वळला. "ही सही तुमची? गाडी खालून पाहिली होती?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही सर," तो म्हणाला. "पाहायचं राहून गेलं."

त्याने पाहिलं होतं. पाहून, कळून, बाईंसाठी सही केली होती, हे त्याला माहीत होतं आणि मला. मी फसवलं, असं म्हणायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी खरं बोललो असतो तर निदान खोटेपणाचा सगळा भार माझ्यावर आला असता. मी ते वाक्य तोंडात जुळवत होतो. आणि त्याच वेळी डोक्यात दुसरंही चालू होतं: अजून काही ठरलेलं नाही, गप्प राहिलो तर कदाचित काही निघेल, कदाचित मालक मधे पडतील. तेवढ्यात मालकांनी सुपरवायझरला बाहेर जायला सांगितलं. दार लागलं. वाक्य माझ्याजवळच राहिलं.

दावा नामंजूर झाला, ते तर होणारच होतं. त्याला कामावरून काढलं, हे मला दोन दिवसांनी कळलं. मी घरी काही बोललो नाही.

पण तिने तीन आठवड्यांनी शोरूमला फोन केला. गाडीचं काय झालं, म्हणून. माझ्या उत्तरांवर तिचा विश्वास राहिला नव्हता. तिने सुपरवायझरचं नाव घेऊन त्याला बोलवायला सांगितलं, आणि पलीकडच्या माणसाने सगळं सांगितलं. मी भाजी घेऊन आलो तेव्हा ती पलंगावर उठून बसली होती.

"तुम्ही तिथे होतात?" तिने विचारलं.

"होतो."

"त्याने तुमच्यासमोर सांगितलं, पाहिलं नाही म्हणून?"

"हो."

"आणि तुम्ही?"

मी पिशवी खाली ठेवली. तिने वाट पाहिली. तिला श्वास पुरत नव्हता तरी ती वाट पाहत राहिली. मग हळूहळू कुशीवर वळली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची. पाणी द्या, खिडकी लावा, इतपत. आमच्या एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो खूप होतो, पण ती अशी कधी दूर गेली नव्हती, त्याच खोलीत असून.

आठ दिवसांनी तिने कागद मागितला. दोन दिवस थांबत थांबत एक पत्र लिहिलं, पाकीट बंद केलं आणि म्हणाली, "त्याच्या हातात द्या. पोस्टात टाकू नका." पत्रात काय होतं ते मला कधीच कळलं नाही.

नोकरी गेल्यावर तो गावी परतला होता. मी एसटीने येवल्याला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. पुढच्या खोलीत दोन माग होते. एकावर त्याचे वडील बसले होते, दुसऱ्यावर तो. खाली खड्ड्यात पाय सोडून, वाकून, धागा सांधत होता. त्याची बोटं अजून त्या कामाला सरावलेली नव्हती, हे मला यंत्रावरच्या माणसाला लगेच दिसलं. वडिलांनी मला ओळखलं नाही. "या, बसा. कुठून आले?" म्हणाले. "पोरगं आलं परत. इकडंबी हातभार पायजेच हाय. तिकडं नोकरीत काय मन लागंना त्याचं."

म्हणजे त्याने घरी हे सांगितलं होतं.

तो उठून बाहेर आला. पत्र घेतलं, ओसरीवरच उभ्याने वाचलं. वाचून झाल्यावर घडी करून खिशात ठेवलं, आणि पाठ करून थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "मी बोलायला हवं होतं. त्या दिवशी."

"बाईंना सांगा, माझं बरं चाललंय," तो म्हणाला. "काळजी करू नका म्हणावं."

"सांगतो. मी शोरूमला जाऊन मालकांशी—"

"साहेब," तो म्हणाला. काका नाही, साहेब. आवाज चढवला नाही. "पुन्हा इथे येऊ नका. वडिलांना काही माहीत नाही."

त्याच्या आईने आतून चहा आणला होता. मी तो उभ्यानेच प्यायलो आणि स्टँडवर आलो.

बायकोला मी निरोपाचा पहिला भागच सांगितला. तिने डोळे मिटून ऐकला. "बरं चाललंय म्हणाला?" तिने पुन्हा विचारलं. हो, म्हणालो. तिला ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तेव्हा ती गेली. शेवटचे तीन दिवस ती दवाखान्यात होती आणि तिच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे काही बोलणं झालंच नाही. झालं असतं तरी ती काय बोलली असती, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

अमरधामला अंत्यविधीसाठी सुपरवायझर आला होता. लांब, नळापाशी उभा होता. मी त्याच्या दिशेने दोन पावलं टाकली तर तो चपला घालून निघून गेला.

तेराव्यानंतर मी शोरूममध्ये गेलो आणि मालकांना सगळं सांगितलं. टर्बो, सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशीचा उद्योग, खोटी सही, सगळं. सुपरवायझरला काही मिळालं नव्हतं, त्याने फक्त आपल्या बाईंसाठी केलं, हेही. मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते. त्यांनी फोन बाजूला ठेवून ऐकलं.

"हे तुम्ही तेव्हा बोलला असतात तर मी त्याला एक तंबी देऊन ठेवून घेतलं असतं," ते म्हणाले. "चांगला माणूस होता. मी त्याला मागे निरोप पाठवला होता. नाही येत म्हणाला." मग म्हणाले, "आता हे सांगून त्याला काय मिळणार? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून सांगताय, असं मला दिसतंय."

मला हलकं वाटलं नाही. पण ते चूक बोलले नव्हते.

गाडी पुढे मालेगावच्या एका भंगारवाल्याने नेली. जोडीदाराची शेड दोनेक वर्षांत बंद झाली. आम्ही रस्त्यात भेटलो की हवापाण्याचं बोलतो. त्याच कंपनीने नंतर तीच गाडी कारखान्यातूनच टर्बो लावून, वॉरंटीसकट विकायला काढली. कसारा घाटातून त्या गाड्या काचा बंद करून सरळ वर चढताना मी एसटीच्या खिडकीतून पाहिल्या आहेत.

सुपरवायझरच्या वडिलांचं निधन झाल्याचं मला बायकोच्या शाळेतल्या एका शिक्षिकेकडून कळलं. आता येऊ नका म्हणण्याचं त्याचं कारण उरलं नाही, असं मी स्वतःला पटवलं आणि येवल्याचं तिकीट काढलं. निफाडला बस थांबली तेव्हा खाली उतरलो आणि परतीची गाडी धरली. पुढच्या वर्षी पुन्हा निघालो. त्या वेळी विंचूरपर्यंत पोहोचलो. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, येवला, येवला, बसून घ्या. मी पाणी प्यायला म्हणून उतरलो होतो. बस सुटली तेव्हा मी तिच्याकडे बघत फाट्यावर उभा होतो.